येत नसल्याचा दाखला

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला तेव्हा ताई साहाय्य कक्षाचं कुलूप उघडत होती. एका हातात किल्ली, दुसऱ्या काखेत झेरॉक्सचा गठ्ठा, दातांत पेन. पेन दातांत ठेवूनच तिनं फोन कानाला लावला आणि पलीकडून परीक्षा विभागाच्या खिडकीतले काका म्हणाले, "ताई, तुमच्या त्या लेखनिक मुलीचा अर्ज नामंजूर झालाय बरं का. साहेबांनी आत्ताच लाल पेनानं मारलंय. म्हटलं कळवावं."

पेन खाली पडलं.

आता हा साहाय्य कक्ष म्हणजे काय, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं लक्षात येईल. मुख्य इमारतीत, तळमजल्यावर, अगदी जिन्याखाली, एका बाजूला विजेचे मीटर आणि दुसऱ्या बाजूला मोडक्या खुर्च्या टाकायची खोली. मधल्या फटीत दिव्यांग विद्यार्थी साहाय्य कक्ष. आत दोन टेबलं, ब्रेल छापणारं एक मशीन, जे सुरू झालं की वरच्या मजल्यावरच्यांना वाटायचं खाली भिंत पाडतायत, आणि समन्वयक म्हणून ताई. एकटी. ज्याला दिसत नाही त्याला पुस्तक वाचून दाखवणारा शोधायचा, ज्याला ऐकू येत नाही त्याच्या वर्गात खुणांची भाषा जाणणारी बाई बसवायची, चाकाच्या खुर्चीवाल्या मुलीचा तास तिसऱ्या मजल्यावर लागला की तो तळमजल्यावर आणायचा आणि मग तास खाली आणला म्हणून फुगून बसलेल्या प्राध्यापकांचा रुसवा काढायचा. हे सगळं तिचं काम. वय फक्त सत्तावीस, पण शिपायांपासून ग्रंथपालांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणायचे. तिची सख्खी मोठी बहीण एकदा कक्षात आली होती, तर तिलाही कुणीतरी विचारलं, "ताईंना भेटायचंय का?"

तर, तो दिवस होता गणित्याच्या शेवटच्या पेपरचा. गणित्या म्हणजे गणिताच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, जन्मापासून दिसत नाही, पण डोक्यात असले भन्नाट आकडे फिरत असतात की बोलता बोलता मध्येच गप्प होतो आणि म्हणतो, "थांबा, एक मिनिट, सुटलं." दुसऱ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेनं त्याला घेतलं होतं. पत्र आलेलं, जागा पक्की, फक्त एकच अट, ह्या शेवटच्या पेपरात पंचाहत्तर टक्के हवेत. ऐंशीपैकी साठ. फेरपरीक्षा सहा महिन्यांनी, आणि तोवर ती जागा दुसऱ्या कुणाची तरी. म्हणजे आज सकाळी अकराला बसायचं आणि साठ मिळवायचे, नाहीतर विषय संपला.

गणित्या बोलणार आणि कुणीतरी लिहिणार. त्या लिहिणाऱ्याला म्हणतात लेखनिक. नियम असा की लेखनिकाला तो विषय येता कामा नये, नाहीतर तोच पेपर सोडवून मोकळा होईल. नियम बरोबरच आहे हो, पण गणितात गंमत अशी होते की ज्याला विषय येत नाही त्याला चिन्हंही येत नाहीत. मागच्या सत्रात इतिहासाचा एक मुलगा लेखनिक म्हणून दिला होता. बिचारा जीव तोडून लिहीत होता, पण त्यानं काय केलं, गणित्या 'वर्गमूळ' म्हणाला की तो बरोबरची खूण करायचा. त्याला वाटलं ती तशीच असते. तपासणाऱ्यांनी उत्तरपत्रिकेवर शेरा मारला, "विद्यार्थ्याने स्वतःची उत्तरे स्वतःच बरोबर ठरवली आहेत." गणित्या कसाबसा काठावर पास झाला होता त्या पेपरात.

तेव्हाच ताईनं मनाशी ठरवलं होतं. चित्रकला विभागात पहिल्या वर्षाला एक मुलगी होती, बारकीशी, सारखी बडबड, सगळे तिला चिमणी म्हणायचे. गणित सातवीपासून कच्चं, म्हणजे नियमात एकदम फिट. ताईनं तिला दोन महिने, आठवड्यातून दोन दुपारी, कक्षात बसवलं आणि चिन्हं काढायला शिकवली. अर्थ नाही, नुसतं काढायला. गणित्या समोर बसून बोलायचा, चिमणी काढायची, ताई पुस्तकाशी ताडून बघायची. चिमणीनं प्रत्येक चिन्हाला स्वतःचं नाव ठेवलं होतं. एक होता आडवा पडलेला एम, एक हंसाची मान, एक उलटा सहा. आणि पोरीचा हात असा की छापल्यासारखं यायचं.

मग ताईनं एक चूक केली. चूक म्हणजे कसली, अभिमान. तिनं अर्जाला एक जादा कागद जोडला, कुणी मागितला नव्हता तरी. "सदर लेखनिकास गणितीय चिन्हांचे चाळीस तासांचे प्रशिक्षण यशस्वीरीत्या देण्यात आले आहे." खाली सही, वर शिक्का, तीन प्रती. 'यशस्वीरीत्या' हा शब्द तिनं नंतर घातला होता, दोनदा वाचून, खूश होऊन.

फोन ठेवल्या ठेवल्या तिच्या डोक्यात तोच कागद आला. कुलूप तसंच लटकत ठेवून ती जिने चढत सुटली.

परीक्षा विभाग दुसऱ्या मजल्यावर. तिथले साहेब म्हणजे उपनियंत्रक, पण अख्खं विद्यापीठ त्यांना मागे पोटनियम म्हणायचं, कारण त्यांच्याकडे काहीही घेऊन गेलं तरी ते आधी म्हणायचे, "ह्यात एक पोटनियम आहे." ताई दारात पोचली तेव्हा ते चहात बिस्कीट बुडवत होते.

"या मॅडम. मला माहीतच होतं तुम्ही येणार. बसा."

"बसत नाही साहेब. चिमणीचा अर्ज का मारलात? पेपर अकराला आहे."

"मी कुठं मारला? तुम्हीच मारलात." त्यांनी तो कागद उचलला आणि शांतपणे वाचला. "चाळीस तासांचे प्रशिक्षण. यशस्वीरीत्या. ह्यात एक पोटनियम आहे, लेखनिकास सदर विषयाचे ज्ञान नसावे. तुम्ही मला लेखी दिलंय की चाळीस तासांचं ज्ञान आहे."

"चिन्हं काढायचं प्रशिक्षण आहे ते. गणिताचं नाही."

"कागदावर 'गणितीय' लिहिलंय."

"अहो, मग चिन्हं गणिताचीच असणार ना. स्वयंपाकाची कशाला शिकवू तिला?"

पोटनियम हसले नाहीत. बिस्कीट चहात पडलं, ते त्यांनी चमच्यानं काढलं, आणि मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मागच्या वर्षी एका लेखनिकानं अख्खा पेपर सोडवून दिला. शिकवणी घेणारा निघाला तो. चौकशी कुणाची झाली? माझी. आठ महिने मी रोज खुलासे लिहीत होतो. घरी बायको विचारायची, आज कोणता खुलासा. हा कागद फाइलमध्ये असताना मी सही केली आणि उद्या कुणी फाइल उघडली, तर पहिला सापडणार मी."

माणूस दुष्ट असता तर भांडता आलं असतं. हे घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसाशी भांडून हाताला काही लागत नाही, हे ताईला ह्या नोकरीत केव्हाच कळून चुकलं होतं.

"मग आत्ता काय करायचं?" तिनं विचारलं. "दीड तासात मी दुसरा लेखनिक कुठून आणू?"

"त्याची सोय आहे. विभागाकडे राखीव लेखनिकांची यादी आहे." त्यांनी यादी काढली. तीन नावं. पहिली मुलगी लग्न होऊन परगावी गेलेली. दुसरा गणितातलाच. तिसरे खिडकीतले काका.

काकांनी खिडकीतून मान वळवून बघितलं. "मी? अहो, मी गेल्या दहा वर्षांत नावाखेरीज काही लिहिलेलं नाही."

"अक्षर चांगलं आहे तुमचं," पोटनियम म्हणाले.

सव्वादहाला गणित्या आणि त्याची आई येऊन तळमजल्यावर, त्याच्या पेपरच्या खोलीत बसली होती. आई दवाखान्यातली ड्यूटी संपवून तशीच आलेली, गणवेशावर स्वेटर चढवून. चिमणीही तिथंच, पेनं तपासून, पट्टी, खोडरबर, सगळी आयुधं मांडून. ताई काकांना घेऊन तिथं गेली आणि झाला प्रकार एका दमात सांगितला. गणित्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, लिहा. सिग्मा, खाली आय बरोबर एक, वर एन."

काकांनी चष्मा सारखा केला, सावकाश लिहिलं, आणि कागद ताईपुढे धरला. सुंदर, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "सिग्मा, खाली आय बरोबर एक, वर एन."

"काय लिहिलं?" गणित्यानं विचारलं.

"तू जे बोललास ते," ताई म्हणाली.

"शब्दात?"

"शब्दात."

गणित्यानं डोकं बाकाला टेकवलं. "पेपर चार तासांचा आहे ताई. असं लिहीत बसलो तर पहिला प्रश्न परवा संपेल."

"मला तर आधीच वाटत होतं," काका म्हणाले आणि सुटलो एकदाचा म्हणून परत खिडकीकडे निघून गेले.

आता गणित्याची आई पुढे झाली. ती म्हणाली, "ताई, दोन महिने हा त्या पोरीबरोबर बसलाय. घरी येऊन सांगायचा, आज एकही चूक नाही केली तिनं. आणि आता म्हणताय चालणार नाही?"

"मी नाही म्हणत काकू. मी बघते."

"तुम्ही बघा," गणित्या म्हणाला. "मी बघू शकलो असतो तर एवढा घोळच झाला नसता."

ताई परत वर. दुसऱ्या मजल्यापर्यंत सेहेचाळीस पायऱ्या, त्या तिनं त्या दिवशी किती वेळा मोजल्या ते तिलाच माहीत. मध्येच आईचा फोन, "अगं, डबा घरीच राहिला तुझा, पाठवू का कुणाबरोबर?" ताई म्हणाली, "आई, आत्ता नको," तर आई म्हणाली, "मग कधी, संध्याकाळी?" आणि ताईनं फोन कट केला, आयुष्यात पहिल्यांदा आईचा फोन कट केला, आणि पुढच्या चार पायऱ्या त्याचंही वाईट वाटत राहिलं.

पोटनियमांनी तोवर स्वतःच एक तोडगा काढून ठेवला होता. तोडगा ऐकून ताईला क्षणभर वाटलं की सुटलो. "गणित विभागाच्या सरांना बोलावलंय मी. ते मुलीची परीक्षा घेतील. तिला गणित येत नाही असा लेखी दाखला त्यांनी दिला, की मी सही करतो. लगेच."

"एवढंच ना? तिला खरंच येत नाही साहेब. शंभर टक्के येत नाही."

"मग झालंच तर."

ताईनं चिमणीला वर बोलावून घेतलं. गणिताचे सर आले ते दहा चाळीसला. उंच, वाळके, खिशात खडू. त्यांनी चिमणीला खुर्चीत बसवलं आणि एक लांबलचक समीकरण तोंडी सांगितलं. चिमणीनं ते काढलं. सरांनी कागद उचलला, उजेडात धरला, आणि त्यांचा चेहराच बदलला. "अरे वा. इतकं स्वच्छ तर माझे स्वतःचे विद्यार्थी लिहीत नाहीत. त्या चिन्हाच्या वरखालच्या मर्यादा बघा, किती व्यवस्थित जागेवर आहेत."

"म्हणजे येतंय," पोटनियम लगेच म्हणाले.

"नाही नाही सर," ताई घाईघाईनं मध्ये पडली, "अर्थ विचारा ना तिला. अर्थ विचारा."

सरांनी एका चिन्हावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"हंसाची मान."

"काय?"

"म्हणजे दादा त्याला इंटिग्रल म्हणतात. मी हंसाची मान म्हणते. वर जरा झुकवायची, खाली उलटी झुकवायची, मध्ये ताठ."

"आणि त्याचा अर्थ काय?"

"मला काय माहीत. मी काढते फक्त."

"बरं, एक्स वर्गाचं विकलन सांग. सोपं आहे."

चिमणीनं विचार केला. खरंच मनापासून केला, कपाळावर आठ्या घालून. "एक्सच्या डोक्यावर छोटासा दोन. जरा उजवीकडे."

सर खळखळून हसले. ताईही हसली, सुटकेनं, तिचे खांदे खाली आले. पोटनियमांनी कागद पुढे सरकवला. "लिहा सर. सदर मुलीस गणित येत नाही."

सरांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि थांबले.

आता इथं मला सांगा, दुसरा कुठलाही माणूस असता तर त्यानं सही ठोकली असती आणि चहा मागवला असता. पण हे पडले गणिताचे. त्यांनी टोपण परत लावलं.

"असं लिहिता येणार नाही मला."

"का?" ताई आणि पोटनियम एकदमच म्हणाले.

"मी तिला एक प्रश्न विचारला. तो तिला आला नाही. ह्यावरून तिला तो एक प्रश्न येत नाही एवढंच म्हणता येतं. गणित येत नाही, असं कसं सिद्ध होईल?"

"सर, आणखी विचारा ना मग."

"दहा विचारले तरी अकरावा येत असेल. आणि तिनं मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं असेल तर? येतं असा दाखला मी देऊ शकतो, त्याला पुरावा असतो. येत नसल्याचा दाखला..." त्यांनी मान हलवली. "तत्त्वतः अवघड आहे. मी फार तर लिहीन की विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर चुकलं."

"एक प्रश्न चुकला तर विद्यापीठातले निम्मे विद्यार्थी गणितात अडाणी ठरतील," पोटनियम म्हणाले. "हे चालणार नाही."

"तेच तर मी म्हणतोय," सर म्हणाले.

दोघांचं एकमत झालं. त्या अख्ख्या सकाळभरात कुणाचं तरी कशावर तरी पहिल्यांदाच एकमत झालं आणि ते ह्यावर. ताईला वाटलं, ह्या दोघांना एका खोलीत कोंडावं आणि वर्षभरानं दार उघडावं.

"सर, मी खरंच ढ आहे हो," चिमणी काकुळतीला येऊन म्हणाली. "माझ्या सातवीच्या बाईंना फोन लावते. त्या सांगतील."

"त्या काळानंतर तू शिकली असशील," सर म्हणाले, आणि ते हे अगदी प्रामाणिकपणे म्हणाले.

अकराची घंटा झाली. खालच्या मजल्यांवर खुर्च्या ओढल्याचे आवाज, मग एकदम शांतता. सगळ्या इमारतीत पोरांनी प्रश्नपत्रिका उघडल्या आणि एका खोलीत गणित्या पर्यवेक्षक बाईंसमोर कोऱ्या उत्तरपत्रिकेवर हात ठेवून बसला होता. ताईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग त्या कागदाकडे. तिच्या कागदाकडे. शिक्का तिनंच मारलेला, थोडा तिरका.

"हा कागद मी मागे घेते," ती म्हणाली. "चुकून जोडला होता. मग तर झालं?"

पोटनियमांनी खुर्ची मागे सरकवली, छताकडे बघितलं. ते सुद्धा थकले होते. "चुकून जोडला, असं म्हणून भागणार नाही मॅडम. जोडला चुकून, पण मजकूर तर खराच, असं कुणीही म्हणेल. तुम्हाला लिहावं लागेल की मजकूर चुकीचा आहे. असं प्रशिक्षण झालेलंच नाही."

"पण ते झालंय."

"मला माहीत आहे झालंय. म्हणूनच तर अडलंय."

ताई उभीच राहिली. आता तिच्या डोक्यात काय काय आलं असेल बघा. ते चाळीस तास. चिमणीनं पहिल्यांदा न चुकता अख्खं पान काढलं ती दुपार. आणि सगळ्यात वर म्हणजे, तिनं वरच्या समितीकडे एक प्रस्ताव पाठवला होता, सगळ्या विज्ञान शाखांच्या लेखनिकांना असं शिकवायचं म्हणून. समितीनं म्हटलं होतं, एकदा करून दाखवा, मग बघू. हेच ते करून दाखवणं होतं. झालंच नाही असं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं की प्रस्तावही गेला. पुढच्या वर्षी भौतिकशास्त्राचा एक मुलगा येणार होता, त्याच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा इतिहासाचा एखादा बिचारा, पुन्हा त्या बरोबरच्या खुणा.

ती धावत खाली गेली. गणित्याच्या खोलीच्या दारात उभी राहून, पर्यवेक्षक बाईंची परवानगी घेऊन, तिनं त्याला सगळं सांगितलं. असं असं लिहून मागतायत. खोटं आहे. प्रस्ताव बुडेल. काय करू.

खरं म्हणजे तिनं हे विचारायलाच नको होतं. पण विचारलं.

गणित्या म्हणाला, "किती वाजले?"

"अकरा अठरा."

"ताई, तत्त्वं तुमची, पेपर माझा." तो एकेक शब्द सावकाश बोलत होता, आवाज चढू नये म्हणून. "तुम्ही इथं मला विचारायला आलात ह्यात दोन मिनिटं गेली. परत वर जायला दोन. लिहा जाऊन. लगेच लिहा. मी नंतर तुमच्याशी भांडेन, आत्ता वेळ नाही."

पुन्हा सेहेचाळीस पायऱ्या. ताईनं पोटनियमांच्या टेबलावर उभ्या उभ्या लिहिलं, "दिनांक अमुकच्या पत्रातील प्रशिक्षणाबाबतचा मजकूर चुकीचा असून असे कोणतेही प्रशिक्षण देण्यात आलेले नाही." पहिली सही नीट आली नाही, पोटनियम म्हणाले, "पुन्हा करा, जुळली पाहिजे." तिनं पुन्हा केली. त्यांनी मग खरंच लगेच सही केली, शब्दाचे पक्के होते. चिमणी तो कागद घेऊन अशी पळाली की जिन्यावरच्या दोन शिपायांनी भिंतीला पाठ लावली.

पेपर सुरू झाला अकरा बत्तीसला.

"साहेब," ताई म्हणाली, "बत्तीस मिनिटं गेलीत. संपताना तेवढी वाढवून द्या."

"त्याला एक तास जादा दिलाय ना? इतरांचा दोनला संपतो, त्याचा तीनला."

"तो तास त्याला दिसत नाही म्हणून आहे. ही मिनिटं तुमच्यामाझ्यामुळे गेली."

"ह्यात पोटनियम नाही," पोटनियम म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांना ह्या वाक्याचं जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं. पण वेळ काही दिला नाही.

तीनला खोलीचं दार उघडलं. गणित्या बाहेर आला, मागे चिमणी, बोटं शाईनं काळी. आई बाकावरून उठली. ताई पुढे झाली.

"साडेसहा प्रश्न," गणित्यानंच सांगितलं. "आठांपैकी. पासष्ट मार्कांचं लिहिलंय. साठ हवेत. पाच मार्क जाऊ शकतात, सहावा गेला की संपलं." मग तो बाकावर बसला आणि म्हणाला, "आठवा प्रश्न मला येत होता ताई. तोंडपाठ. शेवटची ओळसुद्धा डोक्यात होती. आणि बाई म्हणाल्या, वेळ संपली."

"चिमणी कशी होती?" ताईनं हळूच विचारलं.

"एकही चूक नाही केली तिनं." मग लगेच, "आता भांडू का?"

"भांड."

"तो कागद का जोडलात तुम्ही?"

ताईला कितीतरी उत्तरं देता आली असती. तिनं सरळ सांगितलं, "मला फार भारी वाटत होतं, आपण काहीतरी केलं म्हणून. सगळ्यांनी बघावं असं वाटलं."

रागानं भरलेला माणूस ज्याच्यावर ओरडायचं तोच कबूल करून बसला की कसा अडकतो, तसा गणित्या अडकला. मग म्हणाला, "ठीक आहे. मग आता तक्रार करू. बत्तीस मिनिटांची. चिमणे, कागद घे."

चिमणीनं मांडीवर पॅड घेतलं. गणित्यानं सुरुवात केली. "माननीय परीक्षा नियंत्रक यांस. परीक्षा विभागाने काहीही कारण नसताना..."

"ते नको," ताई म्हणाली.

"का?"

"कारण काय होतं ते शोधायला जातील."

"बरं. खोड गं. माझी लेखनिक उत्तम तयार असूनही..."

"तयार नको," ताई म्हणाली. तिचं तिलाच कसंतरी झालं. "तयारी झालेली नाही असं मी सही करून दिलंय. तू लिहिलंस की झाली होती, तर लेखनिक अपात्र. लेखनिक अपात्र, तर तुझा आजचा पेपर रद्द करतील."

गणित्यानं हवेत उचललेला हात तसाच राहिला. "म्हणजे मी पेपर लिहिला म्हणूनच मला तक्रार करता येत नाही."

"खरं कारण लिहून करता येत नाही."

"आणि खोटं लिहून?"

"खोटं मी लिहिलंय ना एकदा. पुरे."

"मग शिकवलं होतं हे मी कुणालाच सांगायचं नाही?"

"निकाल लागेपर्यंत नाही."

"आणि नंतर कोण ऐकणार," गणित्या म्हणाला. त्यानं आणखी तीन-चार वाक्यं करून पाहिली. उपनियंत्रकांनी अडवणूक केल्यामुळे. नको, का अडवलं ते येईल. लेखनिकाची पुन्हा परीक्षा घेण्यात आल्यामुळे. नको, कशासाठी घेतली ते येईल. चिमणी लिहीत होती आणि खोडत होती, लिहीत होती आणि खोडत होती. शेवटी गणित्या म्हणाला, "काय उरलंय वाच."

चिमणीनं वाचलं. "माननीय परीक्षा नियंत्रक यांस. माझा पेपर बत्तीस मिनिटे उशिरा सुरू झाला."

"आणि?"

"बस. एवढंच."

"निदान कृपया तरी लिहा रे," गणित्याची आई म्हणाली. "एवढंसं कोरडं कसं द्यायचं साहेबांना."

"कृपया काय लिहू आई? मी काही मागतच नाहीये त्यात. मागायलाच जागा नाही." त्यानं हात पुढे केला, चिमणीनं त्याचं बोट सहीच्या जागेवर नेऊन ठेवलं, आणि त्यानं सही केली. पेन इतकं दाबून केली की मागच्या पानावरही उठली असेल.

ताई तो कागद घेऊन वर गेली. खिडकीतल्या काकांनी ती एक ओळ वाचली, कागद उलटून मागेही काही आहे का बघितलं, आणि नोंदवही उघडली.

"कारणाचा रकाना आहे ताई इथं. काय लिहू?"

"कोरा ठेवा."

"कोरा चालत नाही. अपरिहार्य लिहितो. सगळे तेच लिहितात." त्यांनी 'अपरिहार्य'मधला 'अ' काढलासुद्धा.

ताईनं खिडकीतून हात आत घातला आणि त्यांच्या पेनावर ठेवला. "ते नका लिहू काका. ते टाळता आलं असतं."

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मागे रांगेत दोन मुलं होती, त्यातला एक घड्याळ बघत होता. "मग टाळता येण्यासारखे, असं लिहू? कुणी लिहितं का असं? साहेब मला विचारतील."

"तुम्ही नका लिहू. मी लिहिते."

त्यांनी जरा विचार केला, आत साहेबांच्या दाराकडे एकदा बघितलं, आणि नोंदवही तिच्याकडे फिरवली. ताईनं तो 'अ' खोडला, शेजारी लिहिलं, "टाळता येण्यासारखे." खाली सही केली, ह्या वेळी एकदाच. आणि पोच मिळेपर्यंत तिथून हलली नाही.